पडद्यावरचा चंडोल

बेल फेरी, ओहायो
५ मार्च २०१२

प्रिय एमिल,

तुझ्या डाव्या कानाला फोनवर काही ऐकू येत नाही आणि उजव्या कानाने तू तुला हवं तेवढंच ऐकतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. नीट बसून वाच.

माझ्यावर खटला झालाय. तुझ्या कंपनीने केलाय.

शुक्रवारी आपल्या स्लोव्हाक क्लबच्या स्वयंपाकघरात मासे तळत होते. लेंटच्या उपासाचा शुक्रवार, रांग पार दारापर्यंत. एक टाय लावलेला माणूस गुमान रांगेत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा म्हणाला, "आर्लीन कोवाल्चिक तुम्हीच का?" मी म्हटलं, "मीच. मासा देऊ की पिरोगी?" त्याने माझ्या पिठाच्या हातात एक जाडजूड पाकीट ठेवलं. "समन्स आहे, बाई. आणि पिरोगी द्या." मी बटाट्याचं सारण भरलेल्या दिल्या. वर परतलेला कांदाही घातला. मेल्याने दुसऱ्यांदा मागून घेतल्या.

एकवीस वर्षं मी दर गुरुवारी या क्लबात कराओके चालवते. सगळ्या डिस्क तुमच्या सिल्व्हर लार्क कंपनीच्या, सगळ्या विकत घेतलेल्या. आणि कागद म्हणतो, मी नकली माल बनवते! गाण्याआधी तुमचा तो चांदीचा चंडोल पडद्यावर पंख पसरतो ना, तो म्हणे कंपनीचा ट्रेडमार्क. मी डिस्क लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि आता तिथूनच वाजवते, म्हणजे लॅपटॉपमधली प्रत हा माझा नवा माल झाला, आणि त्यावर त्यांचा पक्षी. म्हणून मी खोटा शिक्का मारणारी. पासष्टाव्या वर्षी!

सोबत तडजोडीचा कागद आहे. त्यावर सही करायची की होय, मी कंपनीचं चिन्ह चोरून वापरलं. मग ते मला परवाना विकणार. सही नाही केली तर जूनमध्ये कोर्ट. क्लबचा अध्यक्ष स्टॅन घाबरून गेलाय. म्हणतो, जूनअखेर हे मिटलं नाही तर गुरुवार बंद.

तू एकोणीस वर्षं तिथे आहेस. आमच्या पडद्यावर शब्द पांढऱ्याचे निळे होतात ते तुझ्या बोटाच्या ठोक्यावर. जा आणि तुझ्या साहेबाला विचार, की बाबा, माझ्या बहिणीला तुम्ही कोणीतरी भामटी समजलात का?

आणखी एक. कागदात लिहिलंय की कंपनीचा माणूस ९ फेब्रुवारीला क्लबात हजर होता. म्हणजे तू आला होतास तोच गुरुवार! सहा वर्षांनी माझा भाऊ येतो काय, आणि त्याच दिवशी खोलीत हेर बसतो काय. मला त्या हिरव्या जाकिटातल्या टकल्याचा संशय आहे, तो बेसूर गायला होता. तू त्याच्या शेजारीच होतास. काही आठवतंय?

तुझी बहीण,
आर्लीन


हॉलिस, नॉर्थ कॅरोलिना
१३ मार्च २०१२

प्रिय आर्लीन,

पत्र मिळालं. वाईट वाटलं. कायद्याचं काम दुसऱ्या इमारतीत चालतं, तिथे आम्हा बाकावरच्या लोकांना कोणी विचारत नाही.

तू रागावशील, पण दुसरी बाजूही ऐक. एका छोट्या डबीत लाखभर गाणी भरून लोक बाजारात विकतात. एकही डिस्क न घेतलेले पोरगे त्यावर आठवड्याला पाच-पाच कार्यक्रम करतात. आमच्या खोलीत ठोका लावणारे आम्ही चौदाजण होतो, आता तिघे उरलोय. डॅरेलला काढलं तेव्हा तो हेडफोन गळ्यात तसाच ठेवून गाडीपर्यंत गेला, नंतर परत द्यायला आला. कंपनी हातपाय मारते आहे ती उगाच नाही.

गाणी आमची नाहीत, ती लिहिणाऱ्यांची. आमचा म्हणून फक्त पक्षी आहे. म्हणून वकील पक्ष्यावरून भांडतात.

माझं ऐकशील तर सही करून टाक. नुसता छापील नमुना आहे तो. ओहायोतल्या बहुतेकांनी सही केली आहे असं ऐकतो. तू तुझा गुरुवार चालू ठेव.

टकल्या माणसाकडे माझं लक्ष नव्हतं.

माझ्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत. इकडे डॉगवुड फुललं आहे.

तुझा,
एमिल


बेल फेरी
२३ मार्च २०१२

प्रिय एमिल,

डॉगवुड फुललं! वा! मला चोर म्हणतायत आणि हा मला फुलं सांगतोय.

छापील नमुना आहे तर तूच कर की सही. "मी, एमिल डुडाश, चोर आहे." बघ कसं वाटतं लिहायला. मी त्या लबाड पोरग्यांसाठी एक अश्रू ढाळणार नाही, त्यांना खुशाल पकडा. पण माझ्या तळघरात येऊन कोणी पाहिलं का आधी? सहाशे बारा डिस्क आहेत, प्रत्येक आपल्या वेष्टणात, नंबरवार. तुलाही म्हटलं होतं खाली चल, दाखवते. तुझे गुडघे दुखत होते.

आणि मी त्या लॅपटॉपवर का उतरवल्या, हे तुला तरी विसरता येऊ नये. २००६ साली क्लबातला विल्बर नाचता नाचता डिस्कच्या पेटीवर बसला. चाळीस डिस्क गेल्या. मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन केला, तर पलीकडून कोण बोलत होतं? तू! तेव्हा तुला सहा महिने फोनवर बसवलं होतं. चाळीसच्या चाळीस बदलून दिल्यास आणि म्हणालास, "आर्लीन, आता शहाणी हो. उतरवून घे, प्रत वाजव, मूळ डिस्क जपून ठेव." तू सांगितलंस म्हणून मी तो लॅपटॉप घेतला.

वकील मिळाली. ऑगस्टा पेल. हो तीच, जाडी, दर गुरुवारी एकच रडकं गाणं गाणारी. एरवी मृत्युपत्रं आणि कुंपणाची भांडणं बघते. ती म्हणते, माल कोणी बनवला हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून ट्रेडमार्क असतो. मग आपल्या क्लबात गिऱ्हाइकाने विकत काय घेतलं? बिअर. फसला कोण? कोणी नाही. मला हे इतकं पटलं की तिला मी त्या दिवशी दोनदा गाऊ दिलं असतं, पण नियम तो नियम. चिठ्ठी ज्या क्रमाने येते त्याच क्रमाने नंबर. मेयर आला तरी रांग मोडत नाही आणि कोणाची चिठ्ठी परतही करत नाही.

गेल्या गुरुवारी गंमत केली. तुमचा चंडोल दिसायला नको ना? ठीक आहे. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला स्टॅन बिअरचा ट्रे घेऊन प्रोजेक्टरसमोर उभा राहायचा, पक्षी उडून गेला की बाजूला. लोक ओरडायला लागले, "झाका! झाका!" तिसऱ्या गाण्याला सगळा क्लब उभा राहून ओरडत होता. दुसऱ्या दिवशी ऑगस्टाने कपाळाला हात लावला. चिन्ह झाकून माल दाखवणं हाही गुन्हा ठरू शकतो म्हणे. म्हणजे दाखवला तरी चोर, झाकला तरी चोर. मी स्टॅनला सांगितलं, ट्रे धुऊन ठेव, पुढच्या गुरुवारीही लागेल.

हेराचं काम चालू आहे. तुला ठाऊक आहे, मी चिठ्ठ्या टाकत नाही. आईच्या टोप्यांच्या खोक्यांत एकवीस वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत, नाव, गाणं, डिस्कचा नंबर, सगळं गाणाऱ्याच्या हाताने लिहिलेलं. नव्या माणसाला गायल्याशिवाय आम्ही सोडत नाही, म्हणजे हेरही गायला असणारच. ९ फेब्रुवारीच्या एकतीस चिठ्ठ्या आहेत. टकल्या निर्दोष निघाला. तो स्टॅनच्या मेहुण्याचा दातांचा डॉक्टर. तीस उरल्या. एकेक नाव खोडते आहे.

आर्लीन


हॉलिस
२ एप्रिल २०१२

प्रिय आर्लीन,

घाईत लिहितो. त्या चिठ्ठ्यांच्या मागे लागू नकोस. त्यातून काही निघायचं नाही.

त्याऐवजी हे कर. तळघरातल्या डिस्क कोणातरी तिऱ्हाइताकडून मोजून घे. क्लबातला माणूस नको. पाद्री चालेल, बँकेतलं कोणी चालेल. प्रत्येक डिस्कच्या आतल्या कड्यावर बारीक आकडे कोरलेले असतात, तेही उतरवून घ्यायला सांग. कागदावर सही, तारीख. या आठवड्यातच कर. का ते विचारू नकोस.

ईस्टरला येणं जमणार नाही.

एमिल


बेल फेरी
२० एप्रिल २०१२

एमिल,

डिस्क मोजून झाल्या. फादर मिखालने मोजल्या, तळघरात दोन दिवस बसून. सहाशे बारा. सगळ्या अस्सल. त्याबद्दल आभार मानायचे असतील तर ते इथेच संपले.

काल ऑगस्टाकडे कंपनीचे कागद आले. तिने ते माझ्यापुढे ठेवण्याआधी मला खुर्ची दिली. मी म्हटलं, मला काय झालंय बसायला? मग बसले.

एक पिवळं कार्ड होतं. वर चंडोल छापलेला. अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. ते तिरकं डी मी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात धरून शिकवलंय.

"ठिकाण: स्लोव्हाक क्लब, बेल फेरी. वार गुरुवार, ९ फेब्रुवारी. गर्दी: पूर्ण भरलेला. आपला पक्षी पडद्यावर किती वेळा: एकतीस. डिस्कवरून की कॉम्प्युटरवरून: कॉम्प्युटरवरून, कुठेही अडकत नाही, शब्द अगदी ठोक्यावर. शेरा: चालवणारी बाई उत्तम."

चालवणारी बाई!

एकतीसपैकी तीस नावं मी खोडली होती. उरलेली चिठ्ठी आठवडाभर टेबलावर पडून होती आणि मी तिच्यावर कॉफीचा कप ठेवत होते, कारण तिच्याकडे बघायचंच नव्हतं. ती तुझी होती. आईचं ते नदीचं पोल्का, नाचाचं गाणं, तू गायला होतास. मी सगळ्या क्लबाला सांगितलं होतं, हा माझा भाऊ, याच्या बोटावर तुम्ही सगळे गाता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तुला. आणि तू खाली बसून पक्षी मोजत होतास.

पत्रावर पत्र लिहिलं मी तुला. टकल्याचं विचारलं, तर म्हणे लक्ष नव्हतं. सही करून टाक म्हणे!

त्याच गठ्ठ्यात दुसरा कागद आहे, अजून सही नसलेला. "मी त्या जागी एकही मूळ डिस्क पाहिली नाही." खाली तुझं नाव टाइप केलेलं, पुढे रेघ. ७ जूनला सुनावणी आहे. त्या रेघेवर काय लिहायचं ते तू ठरव. मी माझ्या रेघेवर काही लिहिणार नाही, हे तुला मार्चमध्येच सांगितलंय.

उत्तर नको.

आर्लीन


हॉलिस
६ मे २०१२

प्रिय आर्लीन,

नको म्हणालीस तरी लिहितो आहे.

आमच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर नकाशा आहे. कोणीही कुठेही फिरायला गेला, तिथे आपला पक्षी पडद्यावर दिसला, की कार्ड भरायचं आणि नकाशात टाचणी लावायची. बारा वर्षं चाललंय ते. डॅरेलने अलास्काची टाचणी लावली होती, तेव्हा केक आणला होता. ओहायो नदीवर माझी एकही टाचणी नव्हती. म्हणून मी पक्षी मोजले, आर्लीन. मला अभिमान वाटत होता. बहीण असं लिहायला कार्डावर जागा नव्हती, आणि लिहिलं असतं तर म्हणाले असते, घरच्यांचं कौतुक करतोय. म्हणून बाई लिहिलं.

नकाशा फेब्रुवारीतच काढून नेला. कार्डं कायदेवाल्यांकडे गेली. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच मला कळलं की हे माझ्या कार्डावरून झालंय. मला सांगायची हिंमत झाली नाही. वाटलं, तू सही करशील, मिटेल आणि तुला कधी कळणारच नाही. भेकडपणा केला. दुसरा शब्द नाही.

त्या कागदावर सही घ्यायला त्यांनी मला तीनदा त्या दुसऱ्या इमारतीत बोलावलं. मी सांगितलं, ती माझी सख्खी बहीण आहे. वकील खूश होऊन म्हणाला, मग तर तुमच्या शब्दाला जास्तच वजन. मी म्हटलं, तिच्याकडे डिस्क आहेत. तो म्हणाला, तुम्ही पाहिल्यात? नाही पाहिल्या. मग लिहा, पाहिल्या नाहीत. खरं तेच लिहायचं आहे. कागद शब्दशः खरा आहे आणि तरी तो खोटा आहे, हे मला त्याला समजावता येईना. मी कधी वाद घातलेला नाही कोणाशी. मी नुसता ठोका लावतो.

मी सही केलेली नाही.

आता ऐक. फोनवर बसायचो तेव्हा समोर एक छापील सूचनांचा कागद टाचलेला असायचा, गिऱ्हाइकाला काय सांगायचं त्याचा. त्यात सातव्या ओळीत लिहिलं होतं: डिस्क खराब झाल्याची तक्रार आल्यास बदलून द्यावी आणि सुचवावे की प्रत करून प्रत वाजवावी, मूळ डिस्क जपावी. वर चंडोल, खाली साहेबांची आद्याक्षरं. तो सल्ला माझा नव्हता, कंपनीचा होता. मी शेकडो लोकांना तो दिला. ज्यांना दिला त्यातल्या कितीजणांवर आता खटले आहेत, कोण जाणे.

तो कागद माझ्याकडे आहे. त्यांनी सगळे फाडून टाकले, पण माझ्या कागदाच्या पाठीवर मी आईच्या लोण्यात परतलेल्या कोबी-हलुश्कीचं प्रमाण लिहून घेतलं होतं, तूच फोनवर सांगितलं होतंस. म्हणून तो स्वयंपाकघराच्या खणात राहिला. लोण्याचे डाग पडलेत, पण वाचता येतो.

ऑगस्टाबाईंना पाठवतो आहे. ७ जूनला मी येईन. अकरा महिन्यांचे आता नऊ उरलेत, पण ते माझं मी बघेन.

एमिल


बेल फेरी
९ जून २०१२

एमिल,

तू कोर्टात आलास, खरं बोललास आणि मागच्या दाराने पळालास. म्हणून पुढचं सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही.

पण आधी तुझ्याबद्दल. त्यांच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही कंपनीवर नाराज आहात का?" तेव्हा तू म्हणालास, "नाही साहेब, मला तो पक्षी आवडतो." मी तुझ्याकडे बघायचं नाही असं ठरवून गेले होते. त्या वाक्याला बघितलं. कोट कोणाचा घातला होतास? बाह्या हातभर लांब होत्या.

तू गेल्यावर न्यायाधीशबाईंनी तो कागद हातात घेतला. सातवी ओळ वाचली. मग उलटून पाठ वाचली. "एवढं लोणी?" असं विचारलं. ऑगस्टा म्हणाली, "युअर ऑनर, तो पुराव्याचा भाग नाही." बाई म्हणाल्या, "खेद आहे."

मग त्यांच्या वकिलाला विचारलं, "त्या संध्याकाळी क्लबातल्या लोकांनी काय विकत घेतलं?" तो बराच वेळ घोळवत राहिला. शेवटी म्हणाला, "पेयं." "आणि पेयं कोणी बनवली याबद्दल पक्ष्यामुळे कोणाचा गैरसमज झाला?" मागे विल्बर मोठ्याने हसला, त्याला बाहेर काढलं. निकाल लेखी देईन, असं सांगून बाई उठल्या.

खरी मजा त्यानंतर. बाहेरच्या बाकावर त्यांचा वकील माझ्या शेजारी येऊन बसला, एकदम घरचा. म्हणाला, कंपनी सगळं मागे घेते, परवानाही नको, फक्त एवढी सही करा की या प्रकरणाबद्दल तुम्ही कुठे बोलणार नाही आणि तो सूचनांचा कागद परत द्याल.

मी म्हटलं, "तुम्ही गुरुवारी कधी आलात का आमच्याकडे?" म्हणाला, नाही. "या. मी दर गुरुवारी माइकवरून सांगणार आहे. सातवी ओळ वाचून दाखवणार आहे. नंतर हलुश्कीचं प्रमाणही सांगेन."

स्टॅनने माझा हात दाबला, आर्लीन, घे की, फुकट सुटतेयस. मी म्हटलं, स्टॅन, मी अडकलेच नव्हते तर सुटू कुठून? तुला गुरुवार बंद करायचा असेल तर कर, मी चर्चच्या पार्किंगमध्ये पडदा लावीन.  घरी जाताना गाडीत तो म्हणाला, ट्रे मीच धरीन.

हे सगळं बघायला तू तिथे हवा होतास. न जेवता कशाला गेलास?

आर्लीन


हॉलिस
१३ जून २०१२

प्रिय आर्लीन,

तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटली. कोट डॅरेलचा होता.

सोमवारी मला काढलं. मी सांगायच्या आधीच तुला कळलं असेल. एक खोकं दिलं सामान भरायला. हेडफोन मी गळ्यात घालूनच गाडीपर्यंत गेलो आणि परत द्यायला गेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी वस्तू उचलली. फार बरं वाटलं.

तेवीस वर्षांपूर्वी आई म्हणाली होती, एमिल कोणाला नाही म्हणत नाही, याचं कसं होणार. तिला सांगायला हवं होतं.

तुझ्याकडे माफी मागायची कशी हे मला कळत नाही. पत्रात लिहून ती पुरी होत नाही. म्हणून सोबत चिठ्ठी जोडली आहे. तू कोणाची चिठ्ठी परत करत नाहीस असं म्हणाली होतीस. माझी केलीस तर मी समजून जाईन.

एमिल

(सोबत)
नाव: एमिल डुडाश
गाणं: आईचं नदीचं पोल्का
डिस्क: ०४१७, गाणं सहावं


बेल फेरी
१८ जून २०१२

प्रिय एमिल,

शुक्रवारी कंपनीने खटला मागे घेतला. कसलीही सही नाही, कसलाही कागद नाही, नुसतं मागे. ऑगस्टा म्हणते, लेखी निकाल आला असता तर तो सगळ्या राज्यात फिरला असता, म्हणून पळाले. माझ्यावर पुन्हा हाच खटला आणता येणार नाही, अशी अट मात्र न्यायाधीशबाईंनी घातली. क्लबात सगळे नाचले. मी चिडले आहे. मला निकाल हवा होता. सही केलेल्या त्या बाकीच्यांचं काय? त्यांची नावं ऑगस्टाने काढली आहेत, एकसष्ट आहेत. सातव्या ओळीची प्रत मी एकेकाला पाठवते आहे. पाकिटांवर पत्ते लिहायला माणूस हवा आहे, अक्षर बरं असलेला. डी तिरकं चालेल.

तुझी नोकरी गेली हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मी त्या दिवशी क्लबातल्या गिऱ्हाइकांशी विनाकारण भांडले. विल्बरलाही झापलं.

मी तुला माफ केलं का, ते मला अजून ठाऊक नाही. सकाळी वाटतं केलं, संध्याकाळी ते पिवळं कार्ड आठवतं. तू समोर असलास की भांडायला तरी सोपं जाईल.

चिठ्ठी मिळाली. या गुरुवारच्या गठ्ठ्यात लावली आहे. तू सोळावा आहेस. भाऊ आहेस म्हणून वर घेणार नाही, आधी पंधराजणांचं ऐकावं लागेल, त्यात ऑगस्टाचं रडकं गाणंही आहे. ०४१७ मी तळघरातून वर आणून पुसून ठेवली आहे. ती लॅपटॉपवरून नाही, मूळ डिस्कच लावणार आहे, आणि पक्षी येईल तेव्हा स्टॅनला मध्ये उभं राहू देणार नाही. तुला आवडतो ना, मग बघ.

सात वाजता सुरू होतं. नाव पुकारल्यावर जो जागेवर नसतो त्याची चिठ्ठी तळाशी जाते.

आर्लीन